गेडचा रंग कोणी पुसला?

सप्टेंबर २०२२ मध्ये ॲमेझॉनवर 'द रिंग्ज ऑफ पॉवर' ही मालिका आली आणि पहिले दोन भाग दिसताच सोशल मीडियावर रणकंदन माजले. खरे तर पहिली छायाचित्रे बाहेर आली तेव्हापासूनच शिव्याशाप सुरू झाले होते. कारण काय? टोल्किनच्या जगातल्या एका एल्फची भूमिका इस्माएल क्रूझ कोर्दोवा हा सावळा पोर्तोरिकन नट करत होता. ड्वार्फ लोकांची राजकन्या सोफिया नॉमव्हेटे ही काळी नटी झाली होती. लेनी हेन्री हा काळा ब्रिटिश नट हॉबिटांच्या एका पूर्वज टोळीचा म्होरक्या होता. प्रेक्षकांचे अभिप्राय ॲमेझॉनला ७२ तास रोखून धरावे लागले. मालिकेच्या अधिकृत खात्यावरून वर्णद्वेषाचा निषेध करणारे निवेदन काढावे लागले. पीटर जॅक्सनच्या जुन्या चित्रपटांत हॉबिट झालेले चार गोरे नट वेगवेगळ्या वर्णांचे कान छापलेले कपडे घालून आपल्या नव्या सहकाऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले.

विरोध करणाऱ्यांतले सगळेच उघड वर्णद्वेषी होते असे आम्ही म्हणणार नाही. मालिकेने हजारो वर्षांचा काळ एका पिढीत कोंबला आहे. पटकथा ठिकठिकाणी ढिली आहे. या तक्रारी रास्तच आहेत. पण सर्वात मोठ्याने ऐकू आलेले वाक्य वेगळे होते. "आम्ही वर्णद्वेषी नाही, आमची मागणी एवढीच आहे की मूळ पुस्तकाशी प्रामाणिक राहा." आपल्यातल्याही कित्येक मुलांनी हे वाक्य वाचले, काहींना ते पटलेही. आमच्या वाचनगटात एका मुलाने सरळ विचारले, "पुस्तकात जसे आहे तसे दाखवा, यात चूक काय?"

चूक काहीच नाही. पण ही निष्ठा नेमकी कधी जागी होते आणि कधी झोपून राहते, हे तपासले पाहिजे. त्यासाठी २००४ सालात जावे लागेल.

त्या वर्षी १३ आणि १४ डिसेंबरला अमेरिकेतल्या साय-फाय चॅनेलवर 'अर्थसी' नावाची दोन भागांची मालिका दाखवली गेली. ती अर्सुला ली ग्विन यांच्या पुस्तकांवर बेतलेली होती. पहिले पुस्तक 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८ साली बर्कलीच्या पार्नासस प्रेस या छोट्या प्रकाशनाने काढले. प्रकाशक हर्मन शाइन यांना किशोरवयीन वाचकांसाठी काहीतरी हवे होते. ली ग्विन यांनी विचार केला, कथांमधले जादूगार नेहमी पांढऱ्या दाढीचे म्हातारे असतात, मर्लिन असो की गँडाल्फ. पण ते कधीतरी पोरसवदा असतीलच ना? तेव्हा कसे होते, कुठे शिकले, काय चुका केल्या? त्यातून गेड जन्माला आला. गाँट नावाच्या डोंगराळ बेटावरचा शेळ्या राखणारा पोरगा, बाप लोहार, आई लहानपणीच गेलेली.

हा गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे. त्याचा जिवाभावाचा मित्र व्हेच काळा आहे. अर्थसीच्या बेटांवर राहणारे बहुतेक सगळे लोक तांबूस, तपकिरी किंवा काळे आहेत. गोरे कोण आहेत? पहिल्याच प्रकरणात गावे जाळत येणारे, पिवळ्या केसांचे कार्ग लोक. १९६८ साली, ज्या वर्षी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली त्याच वर्षी, एका गोऱ्या अमेरिकन बाईने मुलांच्या पुस्तकात नायक तपकिरी केला आणि लुटारू गोरे केले. तेही गाजावाजा न करता. गेडच्या वर्णाचा उल्लेख ती सुरुवातीलाच करत नाही. वाचक आधी त्या पोराच्या भुकेत, हट्टात, अपमानात गुंततो आणि मग सहज कुठेतरी त्याच्या कातडीचा रंग कळतो. हे आपण मुद्दाम केले, असे ली ग्विन यांनी पुढे अनेकदा सांगितले. गोऱ्या वाचकाने आधी गेडला आपला म्हणावे आणि मग आपण कोणाला आपला म्हटले ते त्याला कळावे, असा त्यांचा डाव होता. जगातली बहुसंख्य माणसे गोरी नाहीत, मग कल्पनेतले जग तेवढे गोरे का, हा त्यांचा साधा प्रश्न होता.

त्यांच्या घरात हा प्रश्न नवा नव्हता. वडील आल्फ्रेड क्रोबर हे नामांकित मानववंशशास्त्रज्ञ. आई थिओडोरा क्रोबर यांनी याही जमातीतल्या शेवटच्या माणसाचे, इशीचे, चरित्र १९६१ साली लिहिले. गोऱ्यांनी त्याची सगळी जमात मारून संपवली आणि तो १९११ साली एकटा बाहेर आला. मग त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात ठेवण्यात आले आणि पाच वर्षांत तो क्षयाने गेला. क्रोबर यांनी त्याच्याशी मैत्री केली आणि त्याचा अभ्यासही केला. या दोन गोष्टी एकाच माणसाने करणे किती अवघड आहे, हे समाजशास्त्र शिकलेल्या आमच्यासारख्यांना वेगळे सांगायला नको. बर्कली विद्यापीठाने २०२१ साली आपल्या इमारतीवरून क्रोबर यांचे नाव काढले, तेही याच इतिहासाच्या चर्चेतून. ली ग्विन यांनी वडिलांचा वारसा जसाच्या तसा घेतला नाही, पण पराभूत लोकांच्याही कथा असतात, भाषा असतात, नावे असतात ही जाण त्यांच्या लेखनात घरातूनच आली असणार असे आम्हाला वाटते.

आता मालिका पाहा. गेड झाला शॉन ॲशमोर हा गोरा नट. बेटांवरचे बहुतेक सगळे लोक गोरे. गेडचा गुरू ओजियन तेवढा डॅनी ग्लोव्हर यांना दिला. म्हणजे काळा माणूस हवा, पण नायकाला शहाणपण शिकवून बाजूला होण्यापुरता. गंमत म्हणजे पुस्तकातली टेनार ही कार्ग आहे, म्हणजे गोरी, आणि तिची भूमिका मिळाली चिनी वंशाचाही वारसा असलेल्या क्रिस्टिन क्रूक हिला. लेखिकेने रंगाचा पट जसा मांडला होता तो नेमका उलटा झाला. हे निव्वळ अज्ञान होते की हिशेब? आमच्या मते हिशेब. नायक गोरा असला तरच माल खपतो, ही बाजाराची जुनी समजूत आहे. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरही तेच चालू होते. ली ग्विन यांना वर्षानुवर्षे प्रकाशकांशी या एका गोष्टीवरून भांडावे लागले, कारण आत तपकिरी असलेला गेड बाहेर मुखपृष्ठावर फिक्कट गोरा होऊन उभा असायचा.

एकटा रंगच गेला असता तरी पुष्कळ होते, पण रंगाबरोबर आतला अर्थही गेला. पुस्तकात दुष्ट राजा नाही, सैन्य नाही, महायुद्ध नाही. गेड गर्वाच्या भरात मेलेल्यांच्या जगातून एक सावली बाहेर काढतो, आधी तिच्यापासून पळतो, मग तिचा पाठलाग करतो आणि शेवटी तिला स्वतःच्याच नावाने हाक मारतो. मालिकेत टायगाथ नावाचा दुष्ट राजा घालण्यात आला आणि गेड-टेनारची प्रेमकहाणी घालण्यात आली. या जगात माणसाचे खरे नाव गुप्त असते, ते फक्त अतीव विश्वासाच्या माणसालाच सांगायचे असते. पोराचे खरे नाव गेड, लोकांनी हाक मारायचे नाव स्पॅरोहॉक. मालिकेने ही दोन नावेच उलटी केली! ज्या कथेचा सगळा डोलारा नावावर उभा आहे तिथे नावाचीच अदलाबदल. यावरून पुस्तक किती वाचले गेले होते ते कळते.

पण आम्हाला सर्वात जास्त खटकलेला बदल वेगळाच आहे, आणि त्याच्यावर फार कोणी बोलत नाही. दुसऱ्या पुस्तकात, 'द टूम्ब्स ऑफ अटुआन'मध्ये, टेनार ही गरीब घरातली मुलगी आहे. मेलेल्या प्रमुख पुरोहितिणीचा पुनर्जन्म म्हणून तिला पाच वर्षांची असताना आईबापांकडून उचलून नेतात. तिचे नाव काढून घेतात. यापुढे तिला नाव नाही, तिला देवांनी खाऊन टाकले असे समजायचे. अंधाऱ्या भुयारांतल्या अनाम शक्तींची सेवा हेच तिचे आयुष्य. कैद्यांना मरणाची शिक्षा सुनावणे हे तिचे धर्मकर्तव्य. आणि ही मुलगी शेवटी ते सगळे नाकारते. आपले नाव परत मिळवते आणि त्या देवस्थानातून बाहेर पडते. बाहेर पडल्यावरही तिला लगेच आनंद होत नाही, उलट भीती वाटते, रडू येते. स्वातंत्र्य हे ओझेही असते, हे लेखिका लपवत नाही. देवाच्या नावाने लहान मुलींचे काय केले जाते हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना हे पुस्तक परके वाटणार नाही.

मालिकेत काय झाले? त्या अनाम शक्तींची पूजा करणारा पंथ हा त्या शक्तींना कोंडून ठेवून जगाचे रक्षण करणारा पंथ झाला. वृद्ध पुरोहितीण प्रेमळ, सात्त्विक. जिथून मुलीने पळून जायचे तीच जागा पवित्र ठरली. एका बंडाची कथा सेवेची कथा झाली. रंग बदलला की लोकांना निदान दिसतो, हा बदल डोळ्यांना दिसतही नाही.

लेखिका काय करत होती? तिच्या हातात काही नव्हते. जॅक्सनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पटकथाकारांपैकी फिलिपा बॉयन्स या अर्थसी लिहिणार, असे सांगितले गेल्यामुळे ली ग्विन यांनी विश्वासाने हक्क दिले. नंतर बॉयन्स त्यात राहिल्या नाहीत. हक्क गेलेच होते. करारात ली ग्विन 'सल्लागार' होत्या, आणि अशा करारातल्या सल्लागाराचा सल्ला निर्मात्याला वाटला तर घ्यायचा, नाही तर नाही. वर दिग्दर्शक रॉबर्ट लिबरमन यांनी एका नियतकालिकात लेखिकेला काय म्हणायचे होते तेही सांगून टाकले. तेव्हा मात्र ७५ वर्षांच्या या बाईने आपल्या संकेतस्थळावर स्पष्ट लिहिले की माझ्या तोंडी शब्द घालू नका. मालिका दाखवून झाल्यावर दोनच दिवसांत 'स्लेट'मध्ये त्यांचा लेख आला. त्याच्या शीर्षकातच, अर्थसीला पांढरा चुना फासला, असा आरोप होता. त्या लेखातली एक गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली आहे. गोऱ्या नसलेल्या वाचकांची पत्रे त्यांना येत असत. किशोरवयात फँटसी वाचताना जिथे आम्हाला जागा मिळाली अशी हीच पुस्तके होती, असे ते वाचक लिहीत.

चाहत्यांची पडद्याकडून अपेक्षा म्हणजे काय, याचे आम्हाला माहीत असलेले सर्वात खरे उत्तर त्या पत्रांत आहे. त्या वाचकाला पुस्तकातले प्रत्येक वाक्य पडद्यावर नको असते. त्याला एवढेच हवे असते की जिथे एकदा आपल्याला बसायला जागा मिळाली तिथून आपल्याला परत उठवू नये.

आता मूळ प्रश्न. २००४ साली नायकाचा वर्ण सरळ बदलला गेला, लेखिका जिवंत होती, ती ओरडून सांगत होती. तेव्हा 'मूळ पुस्तकाशी प्रामाणिक राहा' म्हणणारी ती फौज कुठे होती? ली ग्विन यांचे वाचक चिडले, काही समीक्षकांनी झोडपले. पण २०२२ सारखे वादळ उठले नाही, कोणाला निवेदने काढावी लागली नाहीत, गोऱ्या गेडला कोणी जिवे मारण्याच्या धमक्या दिल्या नाहीत. तेव्हा चाहत्यांकडे ताकद नव्हती असे म्हणावे तर तेही खोटे आहे. टोल्किनच्या चाहत्यांची 'द वन रिंग डॉट नेट' ही साइट १९९९ पासून चालू होती आणि चित्रीकरणाची बित्तंबातमी काढत होती. दुसऱ्या चित्रपटात आर्वेन हातात तलवार घेऊन हेल्म्स डीपच्या लढाईत उतरणार, ही बातमी फुटली तेव्हा चाहत्यांनी आकाशपाताळ एक केले. त्या लढाईत लिव्ह टायलरची चित्रित झालेली दृश्येही अंतिम चित्रपटात राहिली नाहीत. बाईच्या हातातली तलवार खटकली, पण तपकिरी पोराच्या अंगावर चढवलेली गोरी कातडी खपून गेली.

मुळाबरहुकूमपणाची ही चिंता किती निवडक असते याचे आणखी एक उदाहरण. फ्रँक बॉम यांच्या १९०० सालच्या ओझच्या पुस्तकात डोरोथीचे जोडे चांदीचे आहेत. १९३९ च्या चित्रपटात ते माणकासारखे लाल झाले, कारण टेक्निकलरच्या पडद्यावर लाल रंग उठून दिसत होता. आज कोणी चांदीचे जोडे दाखवले तर लोक म्हणतील, हे काय, मूळ लाल होते ना! म्हणजे बदल सवयीचा झाला की तोच मूळ होऊन बसतो. आणि 'हंगर गेम्स'च्या वेळी तर याहून विचित्र घडले. २००८ च्या त्या पुस्तकात रू या छोट्या मुलीची त्वचा गडद तपकिरी असल्याचे स्वच्छ लिहिले आहे. २०१२ मध्ये चित्रपटात ती काळी दिसली तेव्हा पुस्तकाच्याच काही चाहत्यांनी संताप केला. पुस्तक वाचले होते, त्यावर प्रेम होते, पण डोळ्यांनी तो शब्द गाळला होता. जी मुलगी इतकी निरागस, जिच्या मरणावर आपण रडलो, ती काळी कशी असेल, असा तो संताप होता. तेव्हा निष्ठा पुस्तकाशी नव्हती. पुस्तक वाचताना मनात जे गोरे चित्र आपोआप तयार झाले, त्याच्याशी होती.

आता टोल्किनकडे येऊ, कारण खरा युक्तिवाद तिथेच होतो. आमचे विरोधक म्हणतील, गेड तपकिरी हवा म्हणून तुम्ही पुस्तकाचा दाखला देता, मग एल्फ गोरे हवेत म्हणून आम्ही दिला तर का चालत नाही? प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला टाळून पुढे जाणे बरे नव्हे.

पहिली गोष्ट, पुस्तकाचा दाखला देणाऱ्यांनी पुस्तक तरी नीट वाचावे. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या अगदी प्रस्तावनेतच टोल्किनने हॉबिटांच्या तीन शाखा सांगितल्या आहेत. त्यातल्या हारफूट शाखेचे लोक इतरांपेक्षा तपकिरी वर्णाचे होते आणि हीच शाखा संख्येने सर्वात मोठी होती, असे त्याने लिहून ठेवले आहे. लेनी हेन्रीची भूमिका याच हारफूटांतली. तरीही २०१० साली न्यूझीलंडमध्ये 'हॉबिट'साठी गर्दीतली माणसे निवडताना पाकिस्तानी वंशाच्या एका स्त्रीला, तुमचा रंग हॉबिट व्हायला फार काळा आहे, असे सांगण्यात आले. बभ्रा झाल्यावर निर्मात्यांनी असा आदेश आम्ही दिलाच नव्हता म्हणून निवड करणाऱ्याला काढून टाकले. आदेश दिला नसेलही. आदेशाची गरजच काय होती? आधीच्या तीन चित्रपटांत इतके सगळे गोरे हॉबिट पाहिल्यावर त्या माणसाला पुस्तक उघडून पाहायची गरज वाटली नसेल. इथेही पडद्याने पुस्तकाची जागा घेतली होती.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. टोल्किनच्या पुस्तकात रंगाची उतरंड आहे. ती नाकारण्यात अर्थ नाही. पश्चिमेचे लोक उंच, तेजस्वी आणि सज्जन. दक्षिणेचे आणि पूर्वेचे सावळे लोक सॉरॉनच्या सैन्यात. एका अमेरिकन मंडळीने त्याच्या कादंबरीवर चित्रपट करायचे ठरवले आणि पटकथेचा आराखडा त्याला पाठवला. १९५८ साली टोल्किनने त्याची अक्षरशः साले काढली. गरुडांचा नको तितका वापर का, लेंबास या पवित्र भाकरीला प्रयोगशाळेतल्या खाद्याचे रूप का, नसलेल्या मारामाऱ्या का. मूळ लेखकाच्या अपेक्षा काय असतात याचा हा उत्तम नमुना, आणि निष्ठावंत चाहते त्याचा वारंवार हवाला देतात. पण त्याच पत्रात पुढे ऑर्क कसे दिसतात हेही टोल्किन सांगतो. नाके चपटी, कातडी पिवळट, डोळे तिरके. आणि मग मंगोल वंशाच्या माणसांचे नाव घेऊन तो सांगतो की युरोपियनांना त्यांच्यातले जे कुरूप वाटतील त्यांचे हे बिघडलेले रूप. 'युरोपियनांना' हा शब्द त्याने कंसात का होईना घातला, एवढे त्याच्या बाजूने म्हणता येईल. पण ज्या पत्राने गरुड वाचवायचे त्याच पत्राने हेही वाचवायचे का? मुळाशी प्रामाणिक राहा म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर दिले पाहिजे.

टोल्किन एकरंगी माणूस नव्हता, हेही सांगितलेच पाहिजे. १९३८ साली एका जर्मन प्रकाशकाने 'द हॉबिट' छापण्याआधी, तुम्ही आर्य वंशाचे आहात का, अशी विचारणा केली. त्यावर त्याने उत्तराचे दोन मसुदे तयार केले. त्यातल्या एकात त्याने खिल्ली उडवली की आर्य म्हणजे इंडो-इराणी भाषा बोलणारे, माझ्या पूर्वजांपैकी कोणी हिंदुस्थानी किंवा फारसी बोलत असल्याचे मला माहीत नाही. आणि ज्यू असण्याबद्दल विचारत असाल तर त्या गुणी लोकांपैकी माझा कोणी पूर्वज नाही याचा मला खेद वाटतो, असेही लिहिले. आर्य हा भाषेचा मामला आहे, वंशाचा नव्हे, हे भाषाशास्त्राच्या या प्राध्यापकाने हिटलरच्या राज्यात बसलेल्या प्रकाशकाला सुनावायचे ठरवले. आर्यवंशाच्या सिद्धान्ताच्या चिंधड्या बाबासाहेबांनी १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' मध्ये उडवल्या हे आपण वाचलेले आहे, म्हणून टोल्किनच्या या मसुद्याकडे आपण जरा जास्त आपुलकीने पाहतो. पण आपुलकी वाटली म्हणून ऑर्कांचे वर्णन पुसले जात नाही. एकाच माणसाच्या हातून दोन्ही लिहिले गेले.

म्हणून आमची भूमिका अशी. गेडच्या बाबतीत आम्ही पुस्तकाच्या बाजूने आहोत आणि टोल्किनच्या बाबतीत, जिथे पुस्तक गप्प आहे किंवा उतरंड मांडते तिथे, बदलाच्या बाजूने आहोत. हा दुटप्पीपणा आहे असे कोणाला वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही, कारण आम्ही कसोटी लपवत नाही. गेडचा रंग हा त्या कथेचा कणा आहे, लेखिकेने तो हेतुपूर्वक ठेवला आणि तो काढल्याने काही वाचक घराबाहेर पडले. एका जंगलवासी एल्फचा वर्ण हा टोल्किनच्या कथेचा कणा नाही. तो सावळा झाल्याने कोणाही गोऱ्या वाचकाची जागा गेली नाही, त्याला फक्त शेजारी मिळाला. शेजारी नको असणे ही साहित्यिक अपेक्षा नव्हे.

यावर आमच्यातच एकमत नाही, तेही नोंदवतो. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीचे म्हणणे असे की दुसऱ्यांच्या गोऱ्या पुस्तकांत दोन-चार सावळे चेहरे पेरून घेण्यात कसला विजय? उतरंड तशीच राहते आणि कंपनीला पुरोगामीपणाचे प्रमाणपत्र मिळते. तिच्या मते पैसा आणि कष्ट अर्थसीसारख्या, मुळातच वेगळ्या पायावर उभ्या असलेल्या कथांवर लागले पाहिजेत. ॲमेझॉनने टोल्किनच्या परिशिष्टांचे नुसते हक्क घ्यायला २०१७ साली सुमारे २५ कोटी डॉलर मोजल्याचे वृत्त होते, हे आठवले की तिचे म्हणणे खोडणे कठीण जाते.

चाहत्यांची ताकद नेहमी उलट्या दिशेनेच जाते असेही नाही. 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' या कार्टून मालिकेचे सगळे जग आशियाई आणि इन्युइट संस्कृतींवर उभे आहे. तिच्यावरच्या चित्रपटात डिसेंबर २००८ मध्ये नायकांच्या भूमिका गोऱ्या मुलांना दिल्याचे जाहीर झाले, आणि पुढे खलनायकाच्या गोटात देव पटेलसारखे भारतीय वंशाचे नट आले. दिग्दर्शक कोण? पुदुच्चेरीतल्या माहे इथे जन्मलेले एम. नाइट श्यामलन! सावळा माणूस खुर्चीवर बसला म्हणजे पडद्यावरचा न्याय आपोआप होतो, असा भ्रम कोणी बाळगू नये. तेव्हा चाहत्यांनीच संघटित होऊन पत्रे लिहिली, निदर्शने केली, 'रेसबेंडिंग' नावाची चळवळ उभी केली. २०१० मध्ये चित्रपट आला तेव्हा त्यांची मागणीही हीच होती की मुळाशी प्रामाणिक राहा. शब्द तेच होते, पण ते आपली जागा परत मागत होते.

ली ग्विन यांना पडद्याकडून आणखी एक अनुभव यायचा होता. हायाओ मियाझाकी यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अर्थसीवर ॲनिमेशनपट करण्याची परवानगी मागितली होती. तेव्हा ली ग्विन यांना ॲनिमेशन म्हणजे डिस्ने एवढेच ठाऊक, त्यांनी नकार दिला. पुढे 'माय नेबर टोटोरो' पाहून त्या मियाझाकींच्या चाहत्या झाल्या आणि स्टुडिओ जिब्लीला होकार दिला. २००६ साली चित्रपट आला तो मियाझाकींचा नव्हे, त्यांच्या मुलाचा, गोरो यांचा पहिलाच चित्रपट. तो पाहून ली ग्विन गोरो यांना म्हणाल्या की हे माझे पुस्तक नाही, तुमचा चित्रपट आहे, आणि चांगला चित्रपट आहे. नंतर मात्र सविस्तर लिहून त्यांनी आपली नाराजी मांडली. दुष्टावा एका खलनायकात कोंबून त्याला मारले की प्रश्न सुटला, हे माझ्या कथेत नाही, असे त्यांचे म्हणणे. रंगाबद्दल मात्र त्यांनी सावधपणे लिहिले. मला त्यातले बहुतेक लोक गोरेच दिसले, पण जपानी प्रेक्षक ती चित्रे वेगळ्या नजरेने पाहतात, त्यांना गेड सावळा दिसतो असे मला सांगण्यात आले आहे, अशा अर्थाचे. ज्या बाईने अमेरिकन वाहिनीला धारेवर धरले तिनेच दुसऱ्या देशाच्या नजरेपुढे स्वतःची नजर अपुरी असू शकते हे मान्य केले. आम्हाला तिच्याबद्दलचा आदर इथे सर्वात जास्त वाटतो.

२२ जानेवारी २०१८ रोजी ली ग्विन गेल्या. त्याच वर्षी अर्थसीच्या पन्नाशीनिमित्त सगळ्या कथांचा एक जाडजूड सचित्र ग्रंथ निघाला. चार्ल्स व्हेस या चित्रकाराने शेवटची काही वर्षे त्यांच्याशी पत्रव्यवहार करत, प्रत्येक चित्र दाखवत, बदलत त्याची चित्रे काढली होती. या चित्रांत गेड तपकिरी आहे. २०१९ मध्ये ए-ट्वेंटीफोर या कंपनीने अर्थसीवर नवी मालिका करण्याची घोषणा केली. ती येईल तेव्हा ड्रॅगन कसे उडतात ते आम्ही नंतर पाहू. आधी नटांची यादी पाहू, आणि मग टेनार त्या भुयारातून बाहेर पडते का ते पाहू.